वाचकांचे प्रश्न : रेझ्युमेत काय लिहावे, काय गाळावे

नोकरीच्या अर्जांविषयी आलेल्या पत्रांत या वेळी एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत वाचायला मिळाली : अर्ज भरपूर केले, पण मुलाखतीचे बोलावणे येत नाही. अनेकांनी पत्रासोबत आपला रेझ्युमेही पाठवला होता, त्यामुळे उत्तरे मोघम न ठेवता नेमकी देता आली. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्याची ओळख पटेल असा मजकूर वगळला आहे.

प्रश्न : मी एका कारखान्याच्या स्टोअर्स विभागात सात वर्षे काम करत आहे. माझा रेझ्युमे साडेतीन पानांचा असून केलेली जवळजवळ सगळी कामे त्यात आली आहेत. कामाबद्दल कधी तक्रार आलेली नाही, तरीही माझ्यापेक्षा कमी अनुभव असलेल्या सहकाऱ्यांना बोलावणी येतात. रेझ्युमेत नेमके काय कमी पडते आहे?

उत्तर : तुमचा रेझ्युमे नाव बदलून दुसऱ्या कोणालाही वापरता येईल, ही त्यातली खरी अडचण आहे. 'स्टोअर्सची संपूर्ण जबाबदारी सांभाळली', 'साठ्याचे योग्य व्यवस्थापन केले' आणि 'वरिष्ठांनी सोपवलेली कामे वेळेत पूर्ण केली' ही तीन वाक्ये तुमच्या पहिल्या पानावरची आहेत. ज्याने स्टोअर्समध्ये जेमतेम सहा महिने काढले आहेत तोही हीच वाक्ये लिहील, आणि ज्याने काम धड केले नाही तोसुद्धा. पदासोबत जी कर्तव्ये आपोआप येतात, ती भरती करणाऱ्याला जाहिरात लिहितानाच ठाऊक असतात. त्या पदावर तुम्ही असल्यामुळे काय बदलले, हे त्याला जाणून घ्यायचे असते.

याचे उत्तर तुमच्यापाशी आहे, पण ते रेझ्युमेत न येता पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात आले आहे. तुम्ही लिहिता की, पूर्वी वर्षअखेरीस सगळ्या मालाची एकदम मोजणी व्हायची, त्यासाठी चार दिवस मालाची देवघेव बंद ठेवावी लागायची आणि इतके करूनही बिन कार्डावरची (प्रत्येक मालाच्या आवक-जावकीची नोंद ठेवणाऱ्या कार्डावरची) शिल्लक आणि रॅकमधला माल यांचा मेळ काही बसत नसे. तुम्ही रोज थोड्या थोड्या रॅकची मोजणी सुरू केली, महागड्या आणि सतत लागणाऱ्या भागांची मोजणी अधिक वेळा केली, आणि पुढच्या वर्षी वर्षअखेरीची मोजणी एका दिवसात आटोपली. रेझ्युमेत याबद्दल अवाक्षर नाही. हीच माहिती मी अशी लिहीन : 'सुमारे ४,००० प्रकारच्या सुट्या भागांचा साठा सांभाळला. वर्षातून एकदाच होणाऱ्या मोजणीऐवजी रोज टप्प्याटप्प्याने मोजणी सुरू केली. त्यामुळे वर्षअखेरीस मालाची देवघेव चार दिवसांऐवजी एकच दिवस बंद ठेवावी लागली.' या मजकुरात तुमची स्तुती करणारे एकही विशेषण नाही. तुम्ही पुढाकार घेता, हे वाचणारा स्वतःच ताडतो, आणि स्वतः काढलेल्या निष्कर्षावर माणसाचा विश्वास अधिक बसतो.

अशी वाक्ये लिहिताना आधी काय परिस्थिती होती, तुम्ही काय केले आणि त्यानंतर काय झाले, हे शक्य तितक्या कमी शब्दांत सांगावे. आकडा हाताशी असेल तर तो जरूर द्यावा, नसेल तर रचू नये. 'तफावत बरीच कमी झाली' असे लिहिले तर मुलाखतीत 'कितीने?' असा प्रश्न येतो, आणि 'तफावत ९० टक्क्यांनी कमी झाली' असे लिहिले तर 'ती मोजली कशी?' असा. दोन्हींचे उत्तर नसेल तर कामाचा आवाका लिहावा : रोज किती जीआरएन (आलेल्या मालाच्या नोंदपावत्या) तुमच्या हाताखालून जातात, किती विभागांना माल पुरवता, नोंदी कोणत्या संगणक प्रणालीत करता. रेझ्युमेतल्या वाक्यासाठी मी एकच कसोटी मानतो. त्या वाक्यावर बोट ठेवून समोरच्याने 'हे कसे केले?' असे विचारले, तर तुम्हाला दोन मिनिटे अडखळल्याशिवाय बोलता आले पाहिजे. ज्या वाक्याबद्दल बोलण्यासारखे काही नाही, ते वाक्य काढून टाकावे. ही कसोटी लावली की तुमची साडेतीन पाने आपोआप दोन होतील, आणि सात वर्षांच्या अनुभवाला दोन पाने पुरेशी आहेत.

सगळ्यात ताजी नोकरी आधी आणि सविस्तर लिहावी, जुन्या नोकऱ्यांना दोन-तीन ओळी द्याव्यात. भरती करणारा पहिल्या नजरेत रेझ्युमेवर किती वेळ घालवतो याविषयी लॅडर्स या नोकरीविषयक संकेतस्थळाने केलेली पाहणी वारंवार सांगितली जाते : २०१२ मध्ये तो वेळ सुमारे ६ सेकंद निघाला आणि २०१८ मध्ये ७.४ सेकंद. पाहणी छोटी होती आणि ती करणाऱ्यांचा व्यवसायच रेझ्युमेशी निगडित होता, म्हणून दशांश चिन्हानंतरच्या आकड्याला फार महत्त्व देऊ नये. पण पहिली चाळणी घाईत होते, हे शेकडो अर्ज समोर ठेवून बसलेला कोणीही सांगेल. तुमच्या मोजणीची गोष्ट पहिल्या पानाच्या वरच्या अर्ध्या भागात आली पाहिजे, ती एवढ्यासाठी.

प्रश्न : प्रत्येक नोकरीसाठी रेझ्युमे वेगळा लिहावा, असे सगळे सांगतात. दिवसाला आठ-दहा अर्ज करायचे असतील तर ते कसे जमावे?

उत्तर : दिवसाला आठ-दहा अर्ज करूच नयेत, असे माझे मत आहे, पण ते बाजूला ठेवून सांगतो. प्रत्येक वेळी रेझ्युमे नव्याने लिहावा लागत नाही. आपल्या सगळ्या नोकऱ्या, प्रकल्प, प्रशिक्षणे आणि त्यांचे आकडे यांची एक लांबलचक मूळ फाइल स्वतःपुरती करून ठेवावी. ती कोणालाही पाठवायची नसते. जाहिरात आली की तिच्यात कोणती कामे दोन-दोनदा आली आहेत आणि कोणत्या गोष्टी 'आवश्यक' म्हणून दिल्या आहेत ते पाहावे, आणि मूळ फाइलमधून त्यांना उत्तर देणाऱ्या ओळी उचलून वर आणाव्यात. वरचा दोन-तीन ओळींचा सारांश, कौशल्यांचा क्रम आणि शेवटच्या नोकरीतल्या पहिल्या तीन-चार ओळी एवढेच प्रत्येक वेळी बदलते. मूळ फाइल नीट असेल तर याला अर्धा तास लागतो.

लिओनार्दो दा विंचीने सुमारे १४८२ मध्ये मिलानचा सत्ताधारी लुडोविको स्फोर्झा याला लिहिलेल्या पत्राचा दाखला या संदर्भात इतक्यांदा दिला जातो की तो पुन्हा द्यायला संकोच वाटतो, पण त्याहून चांगला दाखला सापडत नाही. लुडोविकोला युद्धाची चिंता होती. म्हणून लिओनार्दोने आधी हलके, वाहून नेता येणारे पूल, वेढ्याच्या वेळी खंदकातले पाणी काढण्याच्या युक्त्या, तोफा आणि चिलखती गाड्या यांबद्दल क्रमांक घालून लिहिले; शांततेच्या काळात आपण इमारती बांधू शकतो, शिल्पे घडवू शकतो आणि चित्रेही काढू शकतो, हे अगदी शेवटी आले. आपल्याला स्वतःतले जे सर्वांत मोलाचे वाटते ते आधी सांगण्याचा मोह त्याने टाळला, हे त्या पत्रातून घेण्यासारखे आहे. शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज करताना विक्री विभागातले पुरस्कार सर्वांत वर ठेवणाऱ्यांचे रेझ्युमे या वेळच्या पत्रांतही आहेत.

प्रश्न : मी नुकतीच वाणिज्य शाखेची पदवीधर झाले आहे आणि मला कामाचा काहीही अनुभव नाही. मैत्रिणीच्या रेझ्युमेवरून मी 'उद्दिष्ट' हा परिच्छेद घेतला आहे. बाकी पान रिकामे दिसते म्हणून छंद, गुण आणि शाळेतली बक्षिसे लिहिली आहेत. हे बरोबर आहे का?

उत्तर : उद्दिष्टाचा परिच्छेद आधी काढून टाका. 'नामांकित संस्थेत काम करून आपली कौशल्ये वाढवणे व संस्थेच्या प्रगतीस हातभार लावणे' हे वाक्य भरती करणाऱ्याने इतक्यांदा पाहिलेले असते की त्याची नजर त्यावरून सरळ घसरते. त्याऐवजी तुम्ही कोण आहात आणि कोणत्या कामासाठी अर्ज करत आहात, हे दोन ओळींत सांगा. 'प्रामाणिक', 'मेहनती', 'सांघिक वृत्ती' हे शब्दही जाऊ द्या. ज्या गुणाचा पुरावा पानावर नाही तो गुण नुसता लिहून कोणाला पटत नाही.

आता अनुभवाबद्दल. तुम्ही पत्रात सहज लिहून गेला आहात की, गेली दोन वर्षे एका नातेवाइकांच्या व्यवसायातल्या खरेदी-विक्रीच्या नोंदी तुम्ही एक्सेलमध्ये करता आणि महिनाअखेरीस बँक स्टेटमेंटशी त्यांचा ताळमेळ घालता. हे काम पगारी नाही म्हणून तुम्ही ते अनुभवात धरले नाही. लेखा विभागातल्या सुरुवातीच्या जागेवर पहिल्या दिवसापासून जे काम सांगितले जाते, ते हेच असते! त्याला स्वतंत्र मथळा द्या, केव्हापासून करता ते लिहा, पगारी नसल्याचे एका शब्दात सांगा, आणि महिन्याला साधारण किती नोंदी असतात, ताळमेळात कोणत्या प्रकारच्या चुका सापडतात तेही लिहा. दोनदा नोंदलेले बिल, वटायचा राहिलेला धनादेश, बँकेने परस्पर वजा केलेले शुल्क अशा गोष्टी ज्याने स्वतः शोधल्या आहेत, त्याला मुलाखतीत त्यावर बोलताना घाम फुटत नाही.

नवोदिताच्या रेझ्युमेत शिक्षण वर असावे, त्याखाली अशी कामे आणि अभ्यासक्रमातले प्रकल्प, मग कौशल्ये. 'संगणकाचे ज्ञान' असे न लिहिता कशात काय करता येते ते लिहावे. पिव्होट टेबल (एक्सेलमध्ये मोठ्या तक्त्याचा गोषवारा काढण्याची सोय) करता येत असेल तर तसे स्पष्ट म्हणावे. शाळेतली बक्षिसे आता पुरे. छंद ठेवायचाच असेल तर ज्याबद्दल प्रश्न विचारला तर आनंद होईल तो एकच ठेवा. पान एकच हवे, आणि ते खालच्या बाजूला थोडे रिकामे राहिले तरी बिघडत नाही.

प्रश्न : ७५ टक्के रेझ्युमे माणसाने पाहण्याआधीच संगणक फेटाळतो, असे मी वाचले. जाहिरातीतले सगळे शब्द पांढऱ्या अक्षरांत रेझ्युमेच्या तळाशी घालावेत, म्हणजे संगणकाला दिसतात आणि माणसाला दिसत नाहीत, असा सल्लाही मिळाला. करावे का?

उत्तर : करू नये. ७५ टक्क्यांचा आकडा गेली अनेक वर्षे एका लेखातून दुसऱ्या लेखात उतरवला जातो, पण त्याच्या मुळाशी पडताळून पाहता येईल असे संशोधन नाही. अर्ज हाताळणाऱ्या प्रणाली, म्हणजे एटीएस, मोठ्या कंपन्या वापरतात हे खरे आहे. त्या प्रणाली रेझ्युमेतला मजकूर वाचून नाव, शिक्षण, नोकऱ्या, कौशल्ये अशा खणांत भरतात, मग भरती करणारा त्यात शब्द घालून शोध घेतो किंवा प्रणालीने लावलेला क्रम पाहतो. अर्ज परस्पर बाद होतो तो बहुधा ऑनलाइन फॉर्ममधल्या थेट प्रश्नांमुळे : अमुक परवाना आहे का, अमुक ठिकाणी काम करण्याची मुभा आहे का, किमान इतकी वर्षे अनुभव आहे का. तेथे 'नाही' म्हटले की रेझ्युमे कितीही देखणा असला तरी उपयोग होत नाही.

पांढऱ्या अक्षरांची युक्ती तर अंगाशी येते. प्रणाली मजकूर रंगासकट ठेवत नाही. भरती करणाऱ्याच्या पडद्यावर तो साध्या काळ्या अक्षरांत येतो, आणि तळाशी संबंध नसलेल्या पन्नास शब्दांची रांग पाहून त्याला काय वाटेल ते सांगायला नको. जाहिरातीतले शब्द वापरावेत, पण जे काम खरोखर केले आहे त्याच्या वाक्यात. जाहिरातीत 'इन्व्हेंटरी कंट्रोल' म्हटले असेल आणि तुम्ही तेच काम 'साठा देखरेख' या नावाने लिहिले असेल, तर जाहिरातीचा शब्द घ्यावा, इतकेच.

कीवर्डपेक्षा मांडणीने अधिक नुकसान होते, आणि त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. या वेळी आलेल्या एका रेझ्युमेला आकर्षक दोन कॉलम होते. डावीकडे फोन, भाषा आणि कौशल्यांचे रंगीत पट्टे, उजवीकडे अनुभव. मी त्यातला सगळा मजकूर निवडून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवून पाहिला. 'पर्यवेक्षक, २०१९ ते २०२३' ही ओळ फोन नंबर आणि 'हिंदी : उत्तम' यांच्या मधोमध जाऊन बसली होती, कंपनीचे नाव चार ओळी खाली गेले होते, आणि रंगीत पट्ट्यांचे नावनिशाण उरले नव्हते. जुन्या प्रणालींना रेझ्युमे साधारण असाच दिसतो. ही चाचणी कोणालाही घरबसल्या करता येते. चिकटवलेला मजकूर वरपासून खालपर्यंत सुसंगत वाचता आला तर मांडणी ठीक आहे. एकच कॉलम, नेहमीचे मथळे, १० ते १२ पॉइंटची अक्षरे; नाव आणि फोन नंबर पानाच्या हेडरमध्ये (वरच्या समासातल्या पट्टीत) न ठेवता मुख्य मजकुरात. कौशल्यांच्या पट्ट्यांबद्दल वेगळे सांगायचे तर, 'संवादकौशल्य ८५ टक्के' म्हणजे काय, हे मला आजवर उमगलेले नाही.

मराठीत रेझ्युमे मागितला असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखीच वाचली जाणारी अक्षरपद्धत) न वापरणाऱ्या कृतिदेवसारख्या जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेला मजकूर कागदावर नीट दिसतो, पण तोच उचलून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता समोर येतो, आणि शोध घेणाऱ्याला त्यात तुमचे नावसुद्धा सापडत नाही. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. छापील रेझ्युमेचा मोबाइलवर काढलेला फोटो पीडीएफ करून पाठवू नये. ती पीडीएफ दिसली तरी त्यात अक्षरे नसतात, चित्र असते.

प्रश्न : मुलाचा जन्म आणि त्यानंतर सासूबाईंचे आजारपण यांमुळे मी सहा वर्षे नोकरीपासून दूर होते. आता पुन्हा काम करायचे आहे. तारखा न देता नुसती कौशल्येच लिही, म्हणजे गॅप कळणार नाही, असे घरचे सांगतात.

उत्तर : घरच्यांचा हेतू चांगला आहे, पण तारखा नसलेला रेझ्युमे हातात आला की अनुभवी माणूस सर्वांत आधी तारखाच शोधतो, आणि त्या सापडल्या नाहीत तर आहे त्याहून मोठे काहीतरी दडवले आहे असे गृहीत धरतो. नोकऱ्यांच्या यादीत जिथे तो काळ येतो तिथेच एक ओळ लिहावी : '२०१९ ते २०२५ : कौटुंबिक जबाबदारीसाठी पूर्णवेळ विराम'. आजाराचे नाव, मुलाचे वय, तुम्ही किती सोसले, हे काही लिहू नये. ती माहिती देण्याची तुम्हाला गरज नाही. लिंक्डइनने २०२२ मध्ये प्रोफाइलवर 'करिअर ब्रेक' ही स्वतंत्र नोंद करण्याची सोय दिली, यावरून असा काळ उघडपणे लिहिणे किती रुळले आहे ते लक्षात यावे.

भरती करणाऱ्याला खरी शंका असते ती सहा वर्षांत बदललेले काम तुम्हाला जमेल का, ही. म्हणून विरामाच्या ओळीखाली अलीकडे केलेले काहीतरी दाखवता आले तर त्याचे वजन पडते. तुम्ही पूर्वी पगारपत्रकाचे काम करत होता. त्या कामाची आजची प्रणाली शिकण्यासाठी एखादा छोटा अभ्यासक्रम केला असेल, ओळखीच्या एखाद्या लहान कार्यालयाला दोन महिने मदत केली असेल, तर ते महिन्यासह लिहा. केले नसेल तर अर्ज थांबवू नका, पण शिकायला मात्र सुरुवात करा. जुन्या नोकरीतले काम नेहमीसारखेच सविस्तर लिहावे. किती कर्मचाऱ्यांचा पगार तुम्ही काढत होता, तो आकडा विराम घेतल्याने लहान होत नाही. परत येण्याचे कारण आणि केव्हापासून रुजू होऊ शकाल, हे सोबतच्या पत्रात दोन वाक्यांत सांगावे. 'दुर्दैवाने' आणि 'क्षमस्व' हे शब्द तुमच्या मसुद्यात आहेत, ते खोडावेत.

प्रश्न : माझा पदवीचा एकच विषय राहिला आहे. पदवी पूर्ण झाली असे लिहिले तर कोण तपासणार? शिवाय माझे पदनाम 'असिस्टंट' असले तरी काम मॅनेजरचेच आहे. तसे लिहावे का?

उत्तर : दोन्ही प्रश्नांना उत्तर 'नाही' असेच आहे. तपासणी होते, आणि ती रुजू झाल्यावरही होऊ शकते. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या प्रवेश विभागाच्या डीन मॅरिली जोन्स यांनी नोकरीला लागताना आपल्यापाशी नसलेल्या पदव्या सांगितल्या होत्या. संस्थेत २८ वर्षे काम केल्यानंतर, कामाबद्दल नाव झालेले असताना, २००७ मध्ये ही गोष्ट उघड झाली आणि त्यांना पद सोडावे लागले.

खरे लिहिणे इथे अवघडही नाही. 'पदवी अभ्यासक्रम २०२२ ते २०२५. एक विषय शिल्लक, पुढील सत्रात परीक्षा' एवढे लिहावे. जाहिरातीत पूर्ण पदवी ही अट असेल तर ती जागा सोडून द्यावी. पदनाम नियुक्तिपत्रात आहे तेच लिहावे, कारण पडताळणी करणारा तुमच्या आधीच्या कार्यालयाला नेमके तेच विचारतो. काम मोठे होते हे त्याखालच्या ओळीत येऊ द्या : 'व्यवस्थापकाच्या अनुपस्थितीत आठ जणांच्या पाळीचे नियोजन केले' हे वाक्य 'असिस्टंट' या पदनामाखाली अधिक उठून दिसते.

प्रश्न : फोटो, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती हे लिहावे की नाही?

उत्तर : जाहिरातीत किंवा फॉर्ममध्ये मागितले नसेल तर यापैकी काहीही लिहू नये. अर्थशास्त्रज्ञ मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लईनाथन यांनी बॉस्टन आणि शिकागोमधल्या जाहिरातींना सुमारे ५,००० काल्पनिक रेझ्युमे पाठवून केलेला प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. एकसारख्या पात्रतेच्या रेझ्युमेंवर नुसती नावे बदलली, तर गोऱ्या वाटणाऱ्या नावांना साधारण दहा अर्जांमागे एक बोलावणे आले आणि कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांना साधारण पंधरा अर्जांमागे एक. नाव लपवता येत नाही. पण पूर्वग्रहाला खाद्य पुरवणारी आणखी माहिती आपणहून कशासाठी द्यायची? ओळखपत्रांचे क्रमांक तर रेझ्युमेत कधीच नसावेत, कारण ती फाइल किती हातांतून जाईल यावर तुमचा ताबा नसतो. पूर्ण पत्त्याऐवजी शहराचे नाव, फोन नंबर आणि ईमेल पुरते. शाळेत असताना गंमत म्हणून काढलेला ईमेल पत्ता अर्जासाठी वापरू नये, हे अजूनही सांगावे लागते.

प्रश्न : मी माझा रेझ्युमे चॅटजीपीटीकडून लिहून घेतला. इंग्रजी सुंदर झाले आहे, पण मुलाखतीत त्यातलेच वाक्य वाचून दाखवून प्रश्न विचारला, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. आता काय करावे?

उत्तर : ते वाक्य तुम्ही पत्रात दिले आहे : 'विविध विभागांतील भागधारकांशी धोरणात्मक समन्वय साधून कार्यप्रवाहाचे इष्टतमीकरण केले.' इंग्रजीतून मराठीत उतरवल्यावर तर त्याचे पोकळपण अधिकच उघडे पडते. तुम्ही प्रत्यक्षात केले होते ते असे की, दुरुस्तीच्या तक्रारी तीन विभागांकडून तीन वेगवेगळ्या वह्यांत येत होत्या, त्या तुम्ही एका सामायिक शीटवर आणल्या आणि कोणती तक्रार किती दिवस पडून आहे ते सगळ्यांना दिसू लागले. हे सांगायला ना जड इंग्रजी लागते, ना जड मराठी.

या साधनांचा उपयोग करूच नये, असे मी म्हणणार नाही. आधी आपल्या साध्या भाषेत, गरज पडल्यास मराठीतच, काय केले ते लिहून काढावे. मग भाषा दुरुस्त करायला, वाक्य आखडायला किंवा जाहिरातीतली कोणती मागणी आपल्याकडून राहून गेली ते तपासायला त्यांची मदत घ्यावी. नुसते पदनाम देऊन 'रेझ्युमे लिहून दे' म्हटले तर त्या पदावरच्या सर्वसाधारण माणसाचा रेझ्युमे मिळतो, आणि वर स्टोअर्सच्या पत्रात आलेली अडचणच नव्या कपड्यांत परत येते. कधी कधी न मागता टक्केवारीही घातली जाते. असा प्रत्येक आकडा आपला आहे का, ते तपासावे. शेवटी सगळा रेझ्युमे मोठ्याने वाचावा, आणि जे वाक्य तुम्ही बोलताना कधीच वापरणार नाही ते बदलावे. चालू नोकरीतली ग्राहकांची नावे किंवा अंतर्गत आकडे या साधनांत टाकू नयेत. ते गोपनीय असू शकतात.

प्रश्न : रेझ्युमे ईमेलने पाठवताना सोबत काय लिहावे? आणि उत्तर आले नाही तर पुन्हा विचारलेले चालते का?

उत्तर : विषयाच्या ओळीत पदाचे नाव, जाहिरातीत संदर्भ क्रमांक असल्यास तो, आणि तुमचे नाव. फाइलचे नाव 'फायनल नवीन २' असे न ठेवता स्वतःचे नाव आणि पद असे ठेवावे, कारण समोरच्याच्या फोल्डरमध्ये 'रेझ्युमे' नावाच्या शंभर फाइली आधीच असतात. ईमेल कोरा पाठवू नये. कोणत्या जागेसाठी अर्ज करत आहात, त्या जागेशी सर्वांत जवळचे असे तुमचे एक काम, आणि नोटीस पीरियड किती आहे, एवढे पाच-सहा ओळींत लिहावे. जाहिरातीत वर्ड फाइल मागितली असेल तर वर्ड, अन्यथा पीडीएफ. आठ-दहा दिवसांनी एकदा, त्याच ईमेलला उत्तर म्हणून, दोन ओळींत विचारणा केलेली चालते. त्यालाही उत्तर आले नाही तर तिसऱ्यांदा लिहू नये, आणि त्या अर्जाच्या भरवशावर इतर अर्ज थांबवू नयेत.